तार गेली, सचिवाची सही राहिली

पोस्ट मोठी झाली आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा.

२८ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या दूरसंचार खात्याने मोबाईल कंपन्यांना आदेश काढला. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीपासून टाकलेलं हवं, मुदत ९० दिवस. बातमी फुटली, गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप तसं कामाचं आहे. हरवलेला फोन बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम फिरतायत ते बघता येतं. तरी लोक भडकले. आमच्या कट्ट्यावर त्या आठवड्यात सरळ दोन तट पडले. एक म्हणे, 'ज्याने काही केलं नाही त्याला लपवायचं काय?' दुसरा म्हणे, 'आज ॲप, उद्या घरात कॅमेरा.' भांडण जोरात, पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं: हे सगळं मोबाईलच्या जमान्यातलं नवं दुखणं आहे.

नवं कसलं? १४० वर्षं जुनं आहे. आणि त्यातला खरा प्रश्न ॲपचा नाहीच. दुसऱ्याचा निरोप उघडून वाचायची परवानगी कोण देतो, कोणाच्या सहीने देतो, आणि त्या सहीवर नजर कोण ठेवतो, हा आहे.

सुरुवात तारेपासून करू.

११ मे १८५७. मेरठचे शिपाई दिल्लीत पोचले. दिल्लीच्या तार ऑफिसातून अंबाल्याला खबर गेली, तिथून पुढे पंजाबात. दोनच दिवसांत लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत हिंदी पलटणींची हत्यारं काढून घेतली गेली. शिपायांनीही जागोजाग तारा तोडल्या, खांब उपटले, कारण ही वस्तू काय करू शकते ते त्यांनाही कळलं होतं. इंग्रज हा धडा विसरले नाहीत. तारेचे कायदे आधीही होते, १८५४ चा, १८६० चा, १८७६ चा. पण ज्याने आपल्याला परवापरवापर्यंत बांधून ठेवलं तो कायदा १८८५ चा, इंडियन टेलिग्राफ ॲक्ट. १ ऑक्टोबर १८८५ पासून लागू. (त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. म्हणजे बोलणारे जमायच्या तीन महिने आधी ऐकणाऱ्यांची सोय झाली होती.)

त्यातलं कलम ५ महत्त्वाचं. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असेल, तर सरकार कोणाचीही तार अडवू शकतं, थांबवू शकतं, वाचू शकतं. आता आणीबाणी आहे की नाही, हे ठरवायचं कोणी? कायद्यात उत्तर होतं: शंका निघाली तर सरकारच्या सचिवाच्या सहीचा दाखला हाच निर्णायक पुरावा. विषय संपला. कोर्टात जाऊन 'कुठे आहे आणीबाणी?' असं विचारायची सोयच नाही. सचिव म्हणतो आहे, म्हणजे आहे.

पुढे १८९८ ला पोस्टाचा कायदा आला आणि त्यातल्या कलम २६ ने हेच पत्रांना लावलं. ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. आदल्या वर्षी पुण्यात प्लेगचा कहर, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या, मग टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा. १८९८ ला राजद्रोहाचं कलम आणखी कडक झालं आणि त्याच वर्षी पाकीट फोडायचा अधिकारही नीट कायद्यात बसला.

१९४७ ला राज्य बदललं. कलम ५ तिथेच राहिलं.

सचिवाचा तो दाखला कायद्यातून जायला १९७२ उजाडावं लागलं. त्या दुरुस्तीत संविधानातले शब्द आणून घातले: देशाचं सार्वभौमत्व, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कागदावर सुधारणाच म्हणायची. पण आदेश काढणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच, हा सांगाडा तोच.

आणि त्या सांगाड्याचा पहिला फटका बसला राजकारण्यांनाच. कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे. चांगल्या प्रतिमेचा माणूस. त्यांच्या राज्यात नेत्यांचे फोन ऐकले जात होते हे बाहेर आलं आणि ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपण आदेश दिला नव्हता असं ते म्हणत राहिले, पण खुर्ची गेली. मार्च १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकार पडलं, त्याचं निमित्त तर आणखी साधं: राजीव गांधींच्या घराबाहेर दिसलेले हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई. पाळतीच्या आरोपावरून केंद्र सरकार पडलेलं आहे या देशात!

मधे एक किस्सा सांगितलाच पाहिजे, कारण या सगळ्या इतिहासात सही न केल्यामुळे काही थांबलं असं एकदाच घडलं. १९८६ ला राजीव गांधींच्या सरकारने पोस्टाच्या कायद्यात दुरुस्ती आणली, पत्रं उघडण्याचे अधिकार वाढवणारी. बहुमत प्रचंड, दोन्ही सभागृहांत मंजूर. विधेयक राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांकडे गेलं आणि ते घेऊन बसले. सही नाही, परतही नाही. संविधानात राष्ट्रपतींना मुदत घातलेली नाही, त्याचा हा फायदा. त्यांचं आणि राजीवजींचं जमत नव्हतं हे खरंच, पण कारण काहीही असो, ते विधेयक कायदा झालं नाही.

आता १९९६. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेची फोन टॅपिंगवरची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. १८ डिसेंबरला न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, यातलं एक तरी असल्याशिवाय फोन ऐकता येणार नाही. फार मोठा निकाल. पण याचिकाकर्त्यांनी आणखी एक मागितलं होतं: आधी न्यायाधीशाची परवानगी लागावी. ते न्यायालयाने दिलं नाही. त्याऐवजी व्यवस्था अशी लावली की आदेश गृहसचिवाने काढायचा आणि तपासणी समितीने करायची. समितीत कोण? केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. २००७ च्या नियमांत हेच पक्कं झालं. एका सचिवाने केलेली सही तीन सचिवांनी बघायची.

माझं मत विचाराल तर घसरण इथेच झाली. न्यायालयाचा हेतू चांगला होता, सरकार नियम करेपर्यंतची सोय म्हणून हे आलं होतं. पण आपल्याकडे तात्पुरती सोय किती वर्षं टिकते हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही समिती बघते तरी किती? २०१८ च्या श्रीकृष्ण समितीच्या अहवालात याचा हिशोब आहे. (हेच ते न्या. बी. एन. श्रीकृष्ण, मुंबई दंगलीच्या आयोगाचे.) माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराच्या आधाराने अहवाल सांगतो की एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं. समिती बसते दोन महिन्यांनी एकदा. म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासायचे. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चाळीस बिलं वाचून होत नाहीत.

आता एक मिनिट. मी काही फोन टॅपिंगच होऊ नये म्हणणाऱ्यांतला नाही. मुंबईकराने तसं म्हणूही नये. २६/११ च्या रात्री ताजमध्ये, ओबेरॉयमध्ये आणि नरिमन हाऊसमध्ये घुसलेल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातून सूचना येत होत्या, ती संभाषणं आपल्या पोलिसांनी पकडली आणि ऐकली. कसाबच्या खटल्यात तो पुरावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. त्याआधी गँगवॉरच्या काळात आपल्या राज्याने १९९९ ला मोक्का केला, त्यातही संभाषण ऐकण्याची तरतूद आहे. उच्च न्यायालयाने ती कलमं रद्द केली होती, २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने परत उभी केली. परवानगी तिथेही गृह खात्याच्या वरिष्ठ सचिवाचीच. पण मोक्कात एक चांगली गोष्ट आहे, फार कोणाला माहीत नसते: वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा. दिल्लीच्या कायद्यात असं काही नाही.

पण २६/११ चा दुसरा परिणामही बघा. महिनाही झाला नव्हता, डिसेंबर २००८ च्या शेवटी आयटी कायद्यातली दुरुस्ती संसदेत जवळपास चर्चेविना मंजूर झाली. इंटरनेटवरचे निरोप वाचण्याचं कलम ६९ त्यात नव्याने लिहिलं. आणि १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्या दोन अटींना धरून ठेवलं होतं, आणीबाणी आणि सुरक्षितता, त्या यात नाहीतच! उलट 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे नवं कारण आलं. म्हणजे फोनवर बोललात तर १८८५ च्या इंग्रजाने घातलेली अट तरी आहे, ईमेल केलात तर तीही नाही. इंग्रज बरा होता असं म्हणायची वेळ यावी, यासारखं दुर्दैव नाही.

त्याच दुरुस्तीतून ६६अ आलं. पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांचं निधन, मुंबई बंद, आणि फेसबुकवर त्याबद्दल दोन ओळी लिहिणारी एक मुलगी आणि त्यावर लाईक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक. त्यातूनच दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला ६६अ रद्द झालं. त्या निकालात एक गंमत आहे. या कलमाची वंशावळ न्यायालयाने शोधली तर ती निघाली १९३५ च्या ब्रिटिश पोस्टाच्या कायद्यात. टेलिफोन ऑपरेटर बायकांना फोन करून घाणेरडं बोलणाऱ्यांसाठी केलेली तरतूद, फिरत फिरत पालघरला पोचली. कलम रद्द झाल्यावर पोलिसांनी ते वापरणं थांबवलं असेल असं वाटतं ना? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच धक्का बसला, सहा वर्षांनंतरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते.

आता मला जे लिहायला जड जातं ते.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. घर सोलापुरात मंगळवेढ्याकडे, भिक्षा मागत गावोगाव फिरायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. जमावाला संशय आला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही मेले. मारतानाचे व्हिडिओही त्याच फोनवरून पुढे गेले.

तो मेसेज आमच्या नात्यातल्या ग्रुपवरही आला होता. मी वाचला. खोटा आहे हे कळत होतं. पाठवणारे वयाने मोठे, कशाला वाईटपणा घ्या म्हणून काही बोललो नाही, अंगठा दाखवून पुढे गेलो.

सरकारने व्हॉट्सॲपला दोन नोटिसा दिल्या. कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला. सरकारला हवं होतं वेगळंच: हा निरोप पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्या. कंपनी म्हणाली, २०१६ पासून निरोप कुलूपबंद जातात, किल्ली पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे, आमच्याकडे नाही. तरी २५ फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत ते आलंच. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या निरोप-ॲपने मागितल्यावर 'पहिला पाठवणारा' सांगायचा. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ च्या सुनावणीत त्यांच्या वकिलाने सरळ सांगितलं की कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ.

राईनपाड्यानंतर 'मूळ पाठवणारा सापडला पाहिजे' याला विरोध करायला जीभ रेटत नाही. माझीही रेटत नव्हती. पण जरा खोलात जाऊन बघा. त्या वर्षी देशभर सर्वांत जास्त फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो मूळचा कराचीतला, मुलं हरवण्याबद्दल जागृती करणाऱ्या संस्थेचा. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. मग पहिला पाठवणारा कोण? नियम म्हणतो, मूळ माणूस परदेशातला असेल तर भारतातला पहिला तो मूळ धरायचा. म्हणजे एखादी घाबरलेली आईसुद्धा, जिने मुलांच्या काळजीने तो शाळेच्या ग्रुपवर टाकला. आणि तिला शोधता यावं म्हणून तुमच्या-माझ्यासकट कोट्यवधी लोकांच्या प्रत्येक निरोपाचा माग ठेवायचा. तो माग कोणाच्या आदेशावर उघडायचा? न्यायालयाच्या, किंवा कलम ६९ खाली. म्हणजे गृहसचिव. आले ना परत तिथेच?

त्याच रात्री राईनपाड्यापासून फार लांब नसलेल्या मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. सोबत दोन वर्षांचं मूल. तिथे काही स्थानिकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस वेळेत पोचले, दगड-मार खात त्यांना बाहेर काढलं. सगळे वाचले. फोन तेच, ॲप तेच, अफवाही तीच. राईनपाड्याला पोलीस पोचले तेव्हा उशीर झालेला होता.

ज्या दिवशी ॲप बदललं नाही, त्या दिवशी माणसं अशी वाचली. म्हणून 'निरोप उघडायची सोय द्या, म्हणजे जमाव थांबेल' हे मला पटत नाही. गुन्हा झाल्यावर आरोपी शोधायला ते उपयोगी पडेल, मान्य. पण मग न्यायाधीशाकडे जा ना. झडतीचं वॉरंट घेता तसं घ्या. ज्यांनी आपल्याला कलम ५ दिलं त्या ब्रिटिशांनीसुद्धा २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची मंजुरी घातली. आपण अजून सचिवावरच अडलोय.

आणि सचिव चुकत नाही असं नाही. २०१९ ला आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षिततेचा इथे संबंध काय, असं विचारून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. राज्यातल्या नेत्यांचे फोन दुसऱ्यांची नावं घालून टॅप झाल्याच्या आरोपांवरून इथे गुन्हेही दाखल झाले, २०२३ मध्ये ते उच्च न्यायालयात रद्दही झाले. त्या राजकारणात मी पडत नाही. मुद्दा एवढाच की आरोप करणारे सत्तेत असतात तेव्हा कायदा बदलायचं त्यांना आठवत नाही. सगळ्याच पक्षांबद्दल बोलतोय, कमेंटमध्ये एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला शिव्या घालू नका.

१५ जुलै २०१३ ला तार सेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी हौसेने रांगा लावून तारा केल्या. तारेचा कायदा मात्र आणखी दहा वर्षं जगला. २०१७ चे इंटरनेट बंद करायचे नियमसुद्धा त्याच १८८५ च्या कायद्याखाली केलेले. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं आणि नेट गेलं, तेव्हा अधिकार तिथूनच आला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये तारेचा आणि पोस्टाचा, दोन्ही जुने कायदे बदलले. लोकसभेत ही विधेयकं मंजूर होत होती त्या आठवड्यात विरोधी खासदार डझनांनी निलंबित होत होते, त्यामुळे हवी तशी चर्चा झालीच नाही. झैलसिंगांनी जे अडवलं त्या धर्तीचा अधिकार नव्या पोस्ट कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे, आणि 'सार्वजनिक आणीबाणी'तला 'सार्वजनिक' हा शब्द तेवढा गळाला आहे. कोणताही कायदा मोडला तरी पाकीट उघडता येईल. नव्या दूरसंचार कायद्याच्या कलम २० मध्ये १८८५ ची वाक्यरचना ओळखू येईल इतकी तशीच आहे. भर एकच, निरोप 'समजेल अशा स्वरूपात' द्यायचा. म्हणजे कुलूप उघडून. डिसेंबर २०२४ ला त्याचे नियम आले. आदेश गृहसचिवाचा. तपासणी तीन सचिवांची.

मी त्या ग्रुपमध्ये अजून आहे. आता असा मेसेज आला की लिहितो, 'काका, हे खोटं आहे, काढून टाका.' दोघेजण बोलायचे बंद झालेत.

तुमच्यापैकी कोणी किंवा तुमच्या घरात कोणी तार खात्यात, टेलिफोन एक्स्चेंजला नोकरीला होतं का? आणीबाणीत कुठल्या तारा थांबवायच्या याच्या तोंडी सूचना यायच्या का, कशा यायच्या, हे ऐकायला आवडेल. नाव न देता लिहिलंत तरी चालेल.